बिननावाचा खर्ज

काही माणसांचे काम घराघरांत पोहोचते आणि नाव मात्र उंबऱ्याबाहेरच राहते. जेम्स जेमरसन हे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेले नसेल. पण ‘माय गर्ल’ हे इंग्रजी गाणे रेडिओवर, एखाद्या चित्रपटात, नाही तर हॉटेलात चहा घेताना केव्हा ना केव्हा कानावर पडले असेलच. स्टीव्ही वंडर, मार्व्हिन गे, डायना रॉस ही नावे तर पाश्चात्य संगीताशी फारशी सलगी नसलेल्यांनाही माहीत असतात. या साऱ्यांच्या गाजलेल्या गाण्यांखाली एकाच माणसाचे वादन आहे. त्याचा चेहरा वेष्टणावर कधी छापला गेला नाही, आणि नावही बारा वर्षे कोणी छापले नाही. त्या माणसाची ही हकिगत आहे.

आधी त्याच्या वाद्याविषयी चार शब्द सांगायला हवेत. बेस गिटार दिसायला गिटारसारखीच, पण सहाऐवजी चार तारांची. तारा जाड, मान लांब आणि सूर नेहमीच्या गिटारपेक्षा एक सप्तक खालचा. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. हा सूर कानापेक्षा छातीत जास्त जाणवतो. लिओ फेंडर या अमेरिकन कारागिराने १९५१ साली विजेवर चालणारी बेस गिटार बाजारात आणली. तोपर्यंत हे काम माणसाहून उंच अशा डबल बेसकडे होते. आपल्याकडे तंबोऱ्याचा खर्ज आणि तबल्याचा डग्गा मिळून जे करतात, ते तिकडे हे एकटे वाद्य करते. सूरही धरायचा आणि लयही. ते वाजत असते तेव्हा कोणाचे लक्ष जात नाही, थांबले की गाणे पोकळ वाटू लागते. घरातल्या कर्त्या बाईसारखीच ही गत म्हणायची.

जेमरसनचा जन्म २९ जानेवारी १९३६ चा. अमेरिकेच्या दक्षिणेकडील साउथ कॅरोलायना राज्यात, चार्ल्सटन शहराजवळ एडिस्टो नावाचे बेट आहे, तिथला. गुलामगिरीच्या काळात आणलेल्या आफ्रिकन माणसांच्या वंशजांनी या किनाऱ्यावर आपली बोली, आपली गाणी आणि आपला ताल जपून ठेवला होता. जेम्सचे आईवडील विभक्त झाले आणि त्याचे बालपण बरेचसे आजीजवळ गेले. आजी पियानो वाजवी, मावशी चर्चमध्ये गाई. लहानपणी तो काठीला लवचीक दोरी ताणून बांधी, काठी मुंग्यांच्या वारुळात रोवी आणि दोरी छेडून मुंग्यांना नाचवी, अशी एक आठवण सांगितली जाते. पुढच्या आयुष्यात त्याने वेगळे काय केले? माणसे नाचवली, एवढाच फरक.

त्या काळी दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय कुटुंबांचा ओघ उत्तरेकडच्या कारखान्यांकडे लागला होता. जेम्सची आई कामासाठी डेट्रॉइटला गेली आणि १९५४ साली तोही तिच्यामागे गेला. डेट्रॉइट म्हणजे मोटारींचे शहर. आपल्याकडे कोकणातला चाकरमानी गिरणीच्या ओढीने मुंबईला यावा, तसे हे स्थलांतर होते. तिथल्या नॉर्थवेस्टर्न हायस्कूलमध्ये संगीताच्या खोलीत त्याच्या हाती डबल बेस आला. आडदांड हाडापेराच्या या मुलाला ते अवाढव्य वाद्य शोभून दिसले. थोड्याच दिवसांत तो शहरातल्या क्लबांतून जॅझ आणि ब्ल्यूज वाजवू लागला. शाळेत असतानाच रात्री वाजवून तो पैसे मिळवत असे. अ‍ॅनी नावाच्या मुलीशी लग्न झाले, संसार सुरू झाला. चरितार्थाची वाट वाद्यातूनच जाणार हे तेव्हाच ठरून गेले.

याच शहरात बेरी गॉर्डी नावाचा एक तरुण होता. त्याने काही काळ मोटारींच्या कारखान्यात जुळणीच्या पट्ट्यावर काम केले होते. १९५९ साली घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन त्याने गाण्यांची कंपनी काढली. तीच पुढे मोटाउन म्हणून जगभर गाजली. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरील २६४८ क्रमांकाचे एक साधे घर त्याने विकत घेतले आणि मागच्या बाजूला स्टुडिओ थाटला. कारखान्यात सांगाडा एका टोकाने आत जातो आणि चकचकीत गाडी दुसऱ्या टोकाने बाहेर पडते. गॉर्डीला गायक-गायिका तशाच घडवायच्या होत्या. गाणी लिहिणारे वेगळे, चाल बांधणारे वेगळे, पोरांना चालायला-बोलायला शिकवणारे वेगळे. आणि या साऱ्याच्या तळाशी, काही पायऱ्या उतरून जावे लागणाऱ्या, सिगारेटच्या धुराने कोंदलेल्या एका खोलीत बसलेले दहा-बारा वादक. तारांच्या भेंडोळ्यांमुळे त्या खोलीला सापांचा खड्डा असे नाव पडले होते. वादक स्वतःला फंक ब्रदर्स म्हणवीत. पियानोवर अर्ल व्हॅन डाइक, ड्रम्सवर बेनी बेंजामिन, गिटारवर रॉबर्ट व्हाइट, एडी विलिस आणि जो मेसिना, खंजिरीवर जॅक अ‍ॅशफर्ड आणि बेसवर जेम्स जेमरसन.

सुरुवातीला तो कंपनीच्या गायकांबरोबर दौऱ्यांवरही जात असे. पण १९६४ च्या सुमारास गॉर्डीने त्याला स्टुडिओतच ठेवून घेतले. गायक कोणीही असो, जेमरसन आणि बेंजामिन हवेतच, असा चाल बांधणाऱ्यांचा हट्ट असे. दिवसाला तीन-तीन, चार-चार गाणी उरकत. पहिल्या दिवसांत गाण्यामागे पाच-दहा डॉलर मिळत, पुढे आठवड्याचा चांगला पगार सुरू झाला. पैशाच्या बाबतीत कंपनीने त्याला उपाशी ठेवले, असे म्हणता येणार नाही. घर झाले, गाडी झाली, मुले शाळेत जाऊ लागली. मात्र गाण्याच्या खपावर त्याचा हक्क नव्हता, आणि तबकडीच्या वेष्टणावर एकाही वादकाचे नाव नसे.

आता त्याने वेगळे काय केले ते पाहू. त्याच्या आधी लोकप्रिय गाण्यांतला बेस बहुधा दोन-तीन सुरांत फिरे. षड्ज-पंचम, षड्ज-पंचम, बैलगाडीच्या चाकासारखा. जेमरसन जॅझमधून आला होता. एका सुरावरून दुसऱ्या सुराकडे जाताना तो मधल्या कोमल-तीव्र सुरांवर पाऊल ठेवीत जाई. मात्रेच्या किंचित अलीकडे-पलीकडे आघात करी आणि तरीही समेवर अचूक येई. आपला तबलजी ठेका सोडत नाही, पण मध्येच डग्ग्यावर अशी घिस्सा घेतो की गाणाऱ्यालाही नवीन काही सुचावे. त्यातलाच हा प्रकार. चाल बांधणारे त्याच्यासमोर बऱ्याचदा केवळ स्वरमेळांचा कागद ठेवीत. त्यातून गाण्याच्या आत दुसरे एक गाणे उभे करण्याचे काम त्याचे.

हे सारे तो उजव्या हाताच्या एका तर्जनीने वाजवी. डबल बेसची ती सवय त्याने विजेच्या गिटारवरही सोडली नाही. सोबतच्यांनी त्या बोटाला आकडा असे नावच दिले होते. त्याची १९६२ सालची फेंडर प्रिसिजन बेस गिटार दुसऱ्या कोणाला वाजवता येत नसे, कारण तारा जाड आणि पट्टीपासून बऱ्याच उंच ठेवलेल्या. तार तुटल्याशिवाय तो ती बदलत नसे. जुन्या तारांत, त्यांच्यावर चढलेल्या मळातच आवाजाची खुमारी असते, असे त्याचे मत होते. तारांखाली फोमचा तुकडा दाबून बसवलेला असल्याने सूर लांबत नसे, गोल होऊन लगेच मिटे. गिटारच्या मानेच्या खोडावर त्याने फंक हा शब्द कोरून ठेवला होता. अंगात भिनणाऱ्या ठसकेबाज तालाला तिकडे हा शब्द आहे.

१९६४ च्या अखेरीस आलेले ‘माय गर्ल’ घ्या. सुरुवातीला फक्त बेस वाजतो. एकच साधी अडखळती लय, काळजाच्या ठोक्यांसारखी. मागाहून गिटार चढत जाते. इतके थोडे वाजवून इतके सांगणे सोपे नव्हे. दुसरीकडे १९६७ चे ‘बर्नाडेट’ किंवा १९६८ चे स्टीव्ही वंडरचे ‘फॉर वन्स इन माय लाइफ’ ऐका. तिथे तळाचा प्रवाह इतका खळाळता आहे, की मी ही गाणी ऐकतो तेव्हा गायकाला सोडून कान आपोआप खालीच जातो. तरीही गायकाच्या वाटेत तो कोठे येत नाही. साथीदार म्हणून हीच त्याची थोरवी. अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेल्या वीसहून अधिक गाण्यांत त्याचे वादन आहे. तिकडे इंग्लंडमध्ये बीटल्सचा पॉल मॅकार्टनी ही गाणी पुनःपुन्हा ऐकत होता. तोही बेस वाजवणारा. या वादकाला त्याने मनोमन गुरू मानले, पण गुरूचे नाव त्याला कळायला बरीच वर्षे जावी लागली.

हा प्रकार आपल्याला अगदी परका नाही. हिंदी चित्रपटांच्या सुवर्णकाळात गोव्याचे कितीतरी वादक मुंबईच्या स्टुडिओंतून वाजवीत होते. सेबॅस्टियन डिसोझा, चिक चॉकलेट, अँथनी गोन्साल्विस ही नावे आज अभ्यासकांमुळे आपल्याला माहीत आहेत, पण तेव्हाच्या तबकड्यांवर शोधून ती सापडायची नाहीत. आपल्याकडेही आणि डेट्रॉइटमध्येही समजूत एकच होती. गाणे गाणाऱ्याचे, फार तर चाल बांधणाऱ्याचे. वाजवणारा म्हणजे रोजावर आलेला गवंडी.

जेमरसनच्या मनात हे सलत असणार. माणूस विनोदी होता, गप्पिष्ट होता, पण आतून मानी. दारू तर क्लबांच्या दिवसांपासून सोबतीला होती. तिचे प्रमाण वाढत गेले. १९६७ च्या जुलैत डेट्रॉइटमध्ये मोठी दंगल उसळली, ४३ माणसे मेली, शहराचा कणाच मोडला. १९६९ साली जिवाभावाचा ड्रमवादक बेनी बेंजामिन गेला. ज्याच्या ठेक्यावर डोळे मिटून विसंबावे असा साथीदार जाणे काय असते, ते वाजवणाराच जाणे.

त्याच्या पुढच्या वर्षी, १९७० च्या उन्हाळ्यात, मार्व्हिन गे ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या गाण्याच्या तयारीत होता. व्हिएतनामचे युद्ध, रस्त्यावरचा हिंसाचार, घराघरांतल्या रडणाऱ्या आया यांचे ते गाणे. त्याला बेसवर जेमरसनच हवा होता. त्या रात्री तो एका क्लबात वाजवीत होता. गेने त्याला शोधून काढले आणि स्टुडिओत आणले. तोवर तो इतका प्यायला होता की स्टुलावर बसणे जमेना. तेव्हा तो सरळ जमिनीवर उताणा पडला आणि समोर धरलेला नोटेशनचा कागद वाचत पडल्या पडल्या त्याने ते गाणे वाजवले. तिथे हजर असलेल्या संगीत संयोजकाने ही हकिगत पुढे सांगितली. पहाटे घरी परतल्यावर त्याने अ‍ॅनीला सांगितले की आज हातून काहीतरी अजोड झाले आहे. एरवी स्टुडिओतल्या कामाविषयी घरी फारसे न बोलणारा हा माणूस.

मे १९७१ मध्ये त्या नावाची मोठी तबकडी आली, आणि मोटाउनच्या इतिहासात प्रथमच वेष्टणावर वादकांची नावे छापली गेली. जेमरसनच्या नावामागे तर त्याला तोड नाही अशा अर्थाचे विशेषणही होते. हे मार्व्हिन गेमुळे घडले. कंपनीसाठी अक्षरशः हजारभर गाणी उभी करून झाल्यावर, बारा वर्षांनी, वाजवणाऱ्याला आपले नाव छापलेले दिसले. मला वाटते, वेष्टणावरच्या त्या ओळीला त्याच्या आयुष्यात एखाद्या मानपत्राइतकेच मोल होते.

पण उशीर झाला होता. १९७२ मध्ये मोटाउनने डेट्रॉइटमधला गाशा गुंडाळून लॉस एंजेलिसला बिऱ्हाड हलवले. वादकांना कोणी बोलावून सांगितले नाही. ठरल्याप्रमाणे ते कामावर आले तेव्हा दाराला लावलेल्या कागदावरून त्यांना कळले की आज रेकॉर्डिंग नाही. त्या कागदावरच तेरा वर्षांचा संसार संपला. अनेकजण डेट्रॉइटमध्येच राहिले. जेमरसन मात्र कामामागे गेला. पण १९७३ मध्ये कंपनीशी असलेला त्याचा करारही संपला.

नव्या शहरात तो अगदीच बेकार राहिला असे नाही. १९७६ चे ‘बूगी फीवर’ हे गाणे पहिल्या क्रमांकावर गेले, त्यात बेस त्याचाच आहे. तरी मन रमेना. डेट्रॉइटच्या खोलीत दहाजण एकमेकांचे श्वास ओळखत वाजवीत. इथे रोज नवे स्टुडिओ, नवे चेहरे. शिवाय वाऱ्याची दिशा बदलली होती. अंगठ्याने तार आपटून वाजवायची नवी तऱ्हा आली होती, लखलखीत आवाजाच्या नव्या तारा सगळ्यांना हव्या होत्या. जेमरसनने आपल्या जुन्या तारा बदलल्या नाहीत आणि बोटही बदलले नाही. ही त्याची निष्ठा म्हणायची की हट्ट? दोन्ही म्हणावे लागेल. ज्या हट्टाने त्याला मोठे केले तोच आता आड आला. त्यात दारूमुळे वेळा चुकू लागल्या. बोलावणी कमी होत गेली, आणि बोलावणी कमी झाली तशी बाटली अधिक जवळची झाली. त्याच्या दुःखाचे सगळे खापर कंपनीवर फोडणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. त्याने स्वतःच्या शरीराचेही ऐकले नाही. अ‍ॅनीने आणि मुलांनी या दिवसांत काय सोसले असेल, याची कल्पना प्रत्येक संसारी माणसाला करता येईल.

२५ मार्च १९८३ रोजी लॉस एंजेलिसजवळच्या पॅसाडिना येथे मोटाउनच्या पंचविशीचा भव्य सोहळा झाला. दूरदर्शनसाठी त्याचे चित्रीकरण झाले. मायकेल जॅक्सनने मागे मागे सरकण्याची ती जगप्रसिद्ध चाल याच रंगमंचावर दाखवली. एकामागून एक जुने गायक आले, जुनी गाणी झाली, टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यातल्या कितीतरी गाण्यांचा पाया ज्याने घातला, तो माणूस तिकीट मिळवून बाल्कनीत मागच्या बाजूला बसला होता. त्याला आमंत्रण नव्हते. घरच्या लग्नात मांडवाबाहेर उभे राहावे लागलेल्या माणसासारखी ही अवस्था. कंपनीने हे मुद्दाम केले असे मला वाटत नाही. तो आठवलाच नसावा, आणि मला ते अपमानाहून वाईट वाटते.

त्यानंतर चार-पाच महिनेच तो जगला. शेवटच्या दिवसांत त्याची ती १९६२ ची बेस गिटारही घरातून चोरीला गेली. यकृत निकामी झाले होते, हृदय थकले होते, त्यात न्यूमोनिया झाला. २ ऑगस्ट १९८३ रोजी लॉस एंजेलिसमध्ये जेम्स जेमरसन वारला. वय अवघे ४७. दफन डेट्रॉइटच्या वुडलॉन दफनभूमीत झाले. शेवटी तो आपल्या शहरात परत गेला.

यानंतरची हकिगत तुलनेने सुखाची आहे. फिलाडेल्फियाच्या अ‍ॅलन स्लट्स्की या गिटारवादकाला जेमरसनच्या वादनाचे नोटेशन उतरवून एक शिकाऊ पुस्तक काढायचे होते. माहितीसाठी तो अ‍ॅनीकडे गेला, जुन्या साथीदारांकडे गेला, आणि पुस्तकाचे चरित्र झाले. १९८९ साली ते प्रसिद्ध झाले. त्यासोबतच्या ध्वनिफितींसाठी पुढच्या पिढ्यांतले नामवंत बेसवादक आनंदाने पुढे आले. पॉल मॅकार्टनीनेही आपले ऋण बोलून दाखवले. २००० साली अमेरिकेतील रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने साथीदारांसाठी स्वतंत्र मान सुरू केला. पहिल्याच वर्षी निवडलेल्या पाच जणांत जेमरसन होता. २००२ मध्ये फंक ब्रदर्सवर चित्रपट निघाला, २००४ मध्ये त्यांना जीवनगौरवाचा ग्रॅमी मिळाला. २०२० साली ‘रोलिंग स्टोन’ नियतकालिकाने सर्व काळातल्या पन्नास श्रेष्ठ बेसवादकांची यादी केली, तिच्यात पहिले नाव जेमरसनचे आहे. त्याच्या मुलानेही बेसच हाती घेतला होता. तोही २०१६ साली गेला.

मेल्यावर मिळालेल्या मानाचा त्याला काय उपयोग, असे कोणी विचारील. त्याला नाही, पण मागे राहिलेल्यांना आहे. नावे न लिहिण्याचा एक व्यावहारिक तोटाही असतो. त्या काळातल्या कोणत्या गाण्यात कोण वाजवले यावर पुढे अनेक वर्षे वाद होत राहिले. वेष्टणावर चार ओळी छापायला कितीसा खर्च आला असता? पगार पोट भरतो हे खरेच. पण हे मी केले, असे मुलाबाळांना दाखवता येईल असा एखादा कागद माणसाला हवा असतो. मग तो गवंडी असो, शिंपी असो, पाटी-पेन्सिल घेऊन पोरांना घडवणारा मास्तर असो, की तळघरातल्या खोलीत बसून जगाला नाचवणारा वादक असो.

चोरीला गेलेली ती बेस गिटार आजवर सापडलेली नाही. कदाचित ती कोणाच्या माळ्यावर धूळ खात पडली असेल. कदाचित एखादा पोरगा, कोणाची ते न कळता, तिच्यावर हात बसवत असेल. जेमरसनचे नाव तिच्यावर कोठेही नाही. मानेच्या खोडावर कोरलेला तो एक शब्द तेवढा आहे.